एका थेंबाचे वीस रुपये: स्वतःच्या खिशातून शुगर तपासताना

नऊ वर्षांपूर्वी मला टाइप टू डायबिटीस निघाला, तेव्हा मेडिकलवाल्याने घरी शुगर तपासायचं मशीन हातात ठेवलं आणि म्हणाला, "ताई, मशीनचं काही टेन्शन घेऊ नका. पंचवीस स्ट्रिप घेतल्या की मशीन फ्रीच आहे." मला बरं वाटलं. घरी येऊन उत्साहाने सकाळ-संध्याकाळ बोट टोचून रक्ताचा थेंब स्ट्रिपला, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या एकदाच वापरायच्या पट्टीला, लावायला सुरुवात केली. तेरा दिवसांत डबी रिकामी. परत दुकानात गेले तेव्हा कळलं की मशीन एकदाच घ्यायचं असतं, स्ट्रिप मात्र जन्मभर.

हिशोब साधा आहे. कंपनीप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे एक स्ट्रिप साधारण १० ते २५ रुपयांना पडते. वीस धरू. रोज एकदा तपासलं तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपये. रोज दोनदा तपासलं तर साडेचौदा हजारांच्या वर. हा खर्च औषधांच्या बिलाशिवायचा. आणि तो बहुतेक घरांत खिशातूनच जातो, कारण मेडिक्लेम मुख्यतः दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर उपयोगी पडतो. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतले ५ लाखही भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. डायबिटीस हा आजार वर्षानुवर्षं घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ सांभाळायचा असतो. तिथे विमा पोचत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे. म्हणजे हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की तो एकटीचाच वाटतो. मी कितीतरी जणांना डबीची किंमत विचारून "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत परत जाताना पाहिलंय. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मशीन नेमकं काय मोजतं

स्ट्रिपच्या टोकाला एक एन्झाइम लावलेलं असतं. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया होते, त्यातून अगदी बारीक वीजप्रवाह तयार होतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. मशीन तो प्रवाह मोजून आकडा दाखवतं. म्हणजे खरी करामत स्ट्रिपची आहे, मशीन फक्त वाचून दाखवतं. म्हणूनच स्ट्रिप महाग, आणि म्हणूनच एका कंपनीच्या मशीनमध्ये दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप चालत नाही.

हा आकडा अगदी काटेकोर नसतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरच्या मशीनसाठी आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते म्हणतं की शंभरातले किमान ९५ आकडे खऱ्या साखरेच्या जवळ असावेत. जवळ म्हणजे साखर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, मशीनवर दिसतो तोच आकडा) च्या खाली असेल तर १५ इकडेतिकडे, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्के इकडेतिकडे. आता बघा, तुमची खरी साखर १८० असेल तर चांगलं, मानकात बसणारं मशीनसुद्धा १५३ दाखवू शकतं आणि २०७ सुद्धा. पहिल्या आकड्याने तुम्ही खूश व्हाल, दुसऱ्याने रात्रभर जागाल, आणि शरीरात मात्र दोन्ही वेळा तेच चाललेलं असेल.

म्हणून लगेच दुसरी स्ट्रिप घालून "खात्री" करण्याची सवय सोडा. त्यात १६८ च्या जागी १५९ आलं तर नवीन काहीच कळलेलं नसतं, वीस रुपये मात्र गेलेले असतात. पुन्हा तपासायचं ते आकडा आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल तेव्हाच.

मेळ न बसण्याचा एक प्रसंग सांगते. मे महिन्यात पाहुण्यांसाठी हापूस कापत होते. मध्येच आठवलं की जेवून दोन तास झाले, पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, बघायची आहे. हात पदराला पुसला, बोट टोचलं. २९१. मला तर धडकीच भरली, कारण जेवणात एक भाकरी आणि मेथीची भाजीच होती, आंब्याची एक फोडही तोंडात टाकली नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, हात तर धू." साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १४८. बोटावरचा आंब्याचा रस त्या इवल्याशा थेंबात मिसळला होता, बाकी काही नाही. मी त्या २९१ वर विश्वास ठेवून संध्याकाळची गोळी वाढवली असती तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो. फळ सोलल्यावर, गूळ चिरल्यावर, लाडू वळल्यावर हात साबणाने धुवायचेच. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, आणि स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी आकडा चुकू शकतो.

मशीन बरोबर चालतंय का हे एका स्ट्रिपमध्ये तपासता येतं. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाल तेव्हा मशीन बरोबर न्या आणि शिरेतून रक्त घेतलं की पाचेक मिनिटांत बोटाची शुगर बघून लिहून ठेवा. संध्याकाळी रिपोर्ट आला की ताडून बघा. पंधरा टक्क्यांच्या आत फरक असेल तर मशीन ठीक आहे. हे उपाशीपोटीच करा, कारण जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा थोडी जास्तच असते.

रोज तपासलं की शुगर कंट्रोलमध्ये राहते?

माझा तसाच समज होता. पण मोजल्याने साखर उतरत नाही. मोजून आपण काही बदललं तर उतरते.

यावर मोठे अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप टूच्या ४५० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण रोज घरी तपासत होते, काही अजिबात नाही. वर्षाअखेरीस दोन्हींच्या एचबीएवनसीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणावा असा फरक नव्हता. इंग्लंडमध्ये २००७ साली आलेल्या अभ्यासातही साधारण हेच दिसलं होतं. याउलट २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांनी रोज टोचलं नाही. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी लागोपाठ तीन दिवस, दिवसातून सात वेळा तपासून तक्ता भरला, आणि डॉक्टरांनी तो तक्ता बघून औषध बदललं. त्यांच्यात सुधारणा जास्त झाली.

मला यातून जे उमगलं ते असं: प्रत्येक स्ट्रिपमागे एक प्रश्न हवा, आणि उत्तर आल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. "आज किती आहे बघू" हा प्रश्न नाही. "रात्रीच्या जेवणात भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तर फरक पडतो का?" हा प्रश्न आहे.

पण थांबा. ही काटकसर सगळ्यांसाठी नाही, आणि इथे मला हात जोडून सांगायचंय. तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर स्ट्रिपमध्ये पैसे वाचवायचे नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी चालू असेल, तरी सावध राहायचं. ही औषधं साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात. नुसतं मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन किंवा डापाग्लिफ्लोझिन यांनी तो धोका फार कमी असतो. तुमच्या पाकिटावरचं नाव वाचा. बऱ्याच गोळ्या जोडगोळ्या असतात, एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतं, आणि आपण सगळ्यांना सांगत बसतो की मी फक्त मेटफॉर्मिन घेते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं असंच झालं. संकष्टी होती. सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली, दिवसभर चहा आणि एक केळं, आणि चंद्रोदयाची वाट बघत बसल्या. आठच्या सुमारास घाम, हातपाय थरथर, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं उपवासाचा शीण. मी मशीन घेऊन धावले, आकडा ५२. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८१. मग वरणभात भरवला. सत्तरच्या खाली गेलं की हेच करायचं: तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, आणि बरं वाटल्यावर काहीतरी पोटभरीचं द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. त्या संध्याकाळी वापरलेल्या दोन स्ट्रिपची किंमत मी कधी मोजणार नाही. उपवास असेल, ताप-जुलाब असतील, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू केल्या असतील, नवीन औषध सुरू झालं असेल, तर स्ट्रिप वापरायच्या ते दिवस हेच. इन्सुलिनवर असलेल्याने गाडी चालवायला बसण्याआधीही.

जोडीने तपासा

बहुतेक घरांत फक्त सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, बघतात. रोज. ती १३० आली की दिवस चांगला, १५० आली की काल रात्री काय खाल्लं त्यावरून वाद. खरं तर सकाळची साखर बरीचशी लिव्हर ठरवतं. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, तेव्हा लिव्हर साठवणीतली साखर रक्तात सोडतं. रात्री फक्त सूप पिऊनही सकाळी आकडा वर दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. फास्टिंग पंधरा दिवस रोज बघितली काय आणि आठवड्यातून दोनदा बघितली काय, गोष्ट तीच कळते.

आपल्या ताटातलं काय सोसतं हे बघायचं असेल तर जोडी लागते: पहिला घास घ्यायच्या आधी एक आणि त्या घासापासून दोन तासांनी एक. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जेवणाचं उत्तर. माझ्या वहीतलं सांगते. एक मोठी बशी पोहे आणि चहा: ११८ वरून २१४. तेच पोहे निम्मे, त्यात भरपूर मटार आणि शेंगदाणे, बरोबर वाटीभर मोड आलेली मटकी: १२१ वरून १६९. एकादशीची साबुदाण्याची खिचडी: ११५ वरून २४०. त्याऐवजी वरईचा भात थोडा आणि दाण्याची आमटी जास्त: १९० पर्यंत. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं, कांदा, आणि जेवणानंतर वीस मिनिटं गच्चीवर फेऱ्या: १२४ वरून १५१. माझी उत्तरं तुमची असतीलच असं नाही. पण तुमची उत्तरं काढायला आठ-दहा जोड्या पुरतात, म्हणजे सोळा ते वीस स्ट्रिप. पोह्यांचं उत्तर एकदा मिळालं की दर बुधवारी पोह्यांनंतर बोट टोचायची गरज नाही.

बहुतेकांसाठी डॉक्टर जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असा अंदाज देतात. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आकडे सैल ठेवतात. पंच्याहत्तरीच्या सासऱ्यांना आपलं टार्गेट लावायला जाऊ नका.

वहीत आकड्यासमोर काय खाल्लं, किती चाललो, कुठली गोळी चुकली हे लिहायचं. नुसते आकडे डॉक्टरांच्या उपयोगाचे नसतात. आणि एक मनातलं सांगते. आकडा वर आला की स्वतःला दोष देणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात. दोनशे आलं की त्या रात्री जेवत नाहीत. हा आकडा परीक्षेचा निकाल नाही. तो स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरसारखा आहे, दूध किती तापलंय तेवढंच सांगणारा.

मग मुख्य भिस्त कशावर?

एचबीएवनसीवर. रक्तातली साखर तांबड्या पेशींना चिकटते आणि पेशी जगेपर्यंत, म्हणजे सुमारे १२० दिवस, चिकटून राहते. म्हणून ही तपासणी तीन महिन्यांचा एकत्र हिशोब देते, त्यातही शेवटच्या महिन्याचं वजन जास्त. सहा टक्के म्हणजे सरासरी साखर १२६, सात म्हणजे १५४, आठ म्हणजे १८३. ४०० रुपयांच्या आसपास होते. वर्षातून चारदा केली तरी १,६००, आणि शुगर स्थिर असेल तर दोनदाही पुरते.

पण तिलाही फसायला होतं. लोह कमी असल्यामुळे ॲनिमिया असेल तर ती खोटी वर दिसू शकते. आपल्याकडे बायकांमध्ये हे किती सर्रास आहे ते वेगळं सांगायला नको. उलट सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल, जो नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीसकट विदर्भात बऱ्याच घरांत आहे, तर तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येऊ शकतो. तुमची मशीनवरची शुगर आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनबद्दल जरूर विचारा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर घरचं मशीनही आकडा वाढवून दाखवू शकतं.

आता खरेदीचं. मशीन निवडताना मशीनची किंमत बघू नका, पन्नास स्ट्रिपची डबी कितीला आहे ते बघा आणि त्या स्ट्रिप तुमच्या गावात वर्षभर मिळतात का ते विचारा. छापील एमआरपी देऊन मोकळं होऊ नका. दोन-तीन दुकानांत विचारलं की भाव उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे मूळ हजाराची डबी १,१२० ऐवजी १,०५० ला पडायला हवी. बिल मागा आणि त्यावर टक्के किती लावलेत ते बघा. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या डबीची एक्स्पायरी नक्की तपासा. आठवड्याला दोनच स्ट्रिप वापरणार असाल तर शंभरची डबी स्वस्त नसते, कारण काही कंपन्यांच्या स्ट्रिप डबी उघडल्यापासून ठराविक महिन्यांतच वापराव्या लागतात. डबीचं झाकण लगेच लावायचं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, दमट हवा स्ट्रिप खराब करते. फ्रिजमध्ये ठेवू नका, गॅसजवळही नको.

थेंब कमी पडून एरर आला की ती स्ट्रिप गेली. त्यासाठी कोमट पाण्याने हात धुवायचे, हात खाली सोडून अर्धा मिनिट झटकायचा आणि बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं. दुखतंही कमी. दंडावर चिकटवायचे सेन्सर येतात, चौदा दिवस चोवीस तास शुगर दाखवणारे, पण एक सेन्सर पाच हजारांच्या घरात जातो. इन्सुलिनवर असलेल्यांना त्याचा मोठा आधार आहे. गोळ्यांवर असलेल्याने डॉक्टरांनी कारण सांगून लावायला सांगितला तर एकदा लावावा, दर महिन्याला नको.

पैशांची फारच ओढ असेल तर सरकारी दवाखाना विसरू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्यांची शुगर तिथे तपासून देतात. रांगेत वेळ जातो हे खरं, पण महिन्यातून एकदा फास्टिंग आणि पीपी तिथे करून घेतली तर घरची डबी बरीच लांबते. आणि घरात साठीपुढचे कुणी असतील, त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि ते जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असतील, तर औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोख न देता यूपीआयने किंवा कार्डाने द्या आणि बिलं एका पिशवीत जपून ठेवा. आपण ती फेकून देतो.

वापरलेल्या सुयांसाठी माझ्याकडे फिनेलची रिकामी बाटली आहे. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. कचरा वेगळा करणाऱ्या ताई हातमोज्यांशिवाय काम करतात, उघडी सुई कचऱ्यात जाता कामा नये. आणि नवराबायकोत, भावाबहिणीतही एकमेकांची सुई वापरायची नाही. हेपॅटायटिस बी तेवढ्या थेंबातून पसरतो.

मी आता वर्षाला सव्वाशेच्या आसपास स्ट्रिप वापरते. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे तीन-तीन दिवस, काही जोड्या, आजारपणाचे दिवस. अडीच हजार रुपये. आधी सात हजारांच्या वर जात होते. राहिलेल्या पैशांतून किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, शिवाय डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करते. आधीची सहा वर्षं या तिन्ही तपासण्या मी "परवडत नाही" म्हणून टाळल्या होत्या, आणि त्याच वर्षांत रोज सकाळी स्ट्रिप मात्र खर्चत होते. गेल्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीत थेंब घालून पडदा तपासला. मला वर्तमानपत्र चष्म्याने अगदी स्वच्छ वाचता येत होतं, मशीनवरचे आकडेही दीडशेच्या आतले होते. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे दोन बारीक ठिपके निघाले. सुरुवातीचे आहेत, आत्ता लेसरची गरज नाही, बीपी आणि शुगर सांभाळा, असं ते म्हणाले. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. ती तारीख मी स्ट्रिपच्या डबीवर पेनाने लिहून ठेवली आहे.